मिरजेच्या ओपीडीत स्वागताला रोबोट उभा करायचा असेल तर

प्रोजेक्टचा विषय 'स्वागतकक्षातला ह्युमनॉइड (माणसासारखा दिसणारा) रोबोट' असा ठरला की मुलं पहिल्याच आठवड्यात थ्रीडी प्रिंटरवर डोकं छापायला घेतात. डोळे फिरायला लागतात, जबडा हलायला लागतो, व्हिडिओ निघतो, कौतुक होतं. मग परीक्षा तोंडावर आली की कुणाच्या तरी लक्षात येतं, की या रोबोटनं बोलायचं काय, हे अजून ठरलेलंच नाही. हा लेख त्या मुलांसाठी आहे, आणि कुपवाड-मिरज एमआयडीसीतल्या ज्या छोट्या वर्कशॉपवाल्यांना असलं काम करून बघावंसं वाटतंय त्यांच्यासाठीही. उदाहरणाला मी मिरजेतल्या एखाद्या मोठ्या दवाखान्याची ओपीडी धरली आहे. जत-कवठेमहांकाळपासून सीमेपलीकडच्या अथणी-चिकोडीपर्यंतचे पेशंट मिरजेला येतात आणि सकाळच्या वेळी काउंटरवरच्या माणसाला मान वर करायला सवड नसते. तिथं मदतीची खरोखर गरज आहे.

माझा आग्रह एका क्रमाचा आहे. आधी संभाषण, मग कान, मग चेहरा, आणि हात सगळ्यात शेवटी.

हा क्रम उलटला की काय होतं, ते जपानमध्ये दिसलं. नागासाकी प्रांतातल्या सासेबोला २०१५ मध्ये 'हेन ना हॉटेल' सुरू झालं. स्वागताला बाईसारखी दिसणारी ह्युमनॉइड आणि डायनोसॉरच्या रूपातले रोबोट होते. जगभर गाजलं. २०१९ मध्ये बातमी आली की हॉटेलनं आपल्या २४३ रोबोटांपैकी निम्म्याहून अधिक काढून टाकले. काउंटरवरच्या रोबोटांना पाहुण्यांच्या पासपोर्टची प्रत काढणं जमत नव्हतं, ते काम माणसांनाच करावं लागे. खोलीतली बोलकी बाहुली झोपलेल्या माणसाचं घोरणं म्हणजे आपल्यासाठी काहीतरी हुकूम आहे असं समजून त्याला उठवायची. देखणेपणात काही कमी नव्हती. काउंटरवर नेमकं काय काम चालतं, याचा विचार कमी पडला होता.

काउंटरशेजारी बसा

म्हणून पहिली पायरी वही-पेनाची. दवाखान्याच्या व्यवस्थापनाची परवानगी घ्या, काउंटरवरच्या ताईंना नीट सांगा, आणि सोमवारी सकाळी त्यांच्या बाजूला स्टूल टाकून बसा. सोमवार यासाठी की रविवारची सगळी गर्दी त्या दिवशी उतरते. येणारा प्रत्येक प्रश्न, जसा विचारला तसा लिहा. सुधारून, शुद्ध करून लिहू नका.

"डाक्टर आल्यात का?" "नंबर लावायचाय, हितंच का?" "केसपेपर कुठं काढायचा?" "सोनोग्राफी कुठंशी हाय?" "रिपोर्ट घावला न्हाई अजून." "ह्ये योजनंत बसतंय का?" हा शेवटचा प्रश्न महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेचा असतो, आणि विचारणाऱ्याच्या हातात बहुतेक वेळा रेशनकार्डाची पिशवी असते. असे प्रश्न साठले की दिसायला लागतं, की तेच तेच प्रश्न वेगवेगळ्या तोंडांनी पुन्हा येत आहेत.

मग त्यांचे तीन ढीग करा. पहिल्या ढिगात रोबोट स्वतः उत्तर देऊ शकेल असे: खोली कुठली, वेळ काय, केसपेपर कुठं. दुसऱ्यात त्यानं योग्य माणसाकडे धाडायचे: योजना, बिल, रिपोर्ट. तिसरा ढीग सगळ्यात महत्त्वाचा, त्यात रोबोटनं अजिबात पडायचं नाही. "छातीत कळ येतीया", "पोरगं डोळं पांढरं करतंय" असं काही कानावर आलं तर पुढचा प्रश्न विचारत बसू नये. त्याच क्षणी काउंटरमागची घंटा वाजली पाहिजे आणि रोबोटनं एवढंच म्हणावं: "थांबा, माणूस बोलावलाय." असे शब्द ओळखताना चूक झालीच तर ती घंटा उगाच वाजण्याच्या बाजूनं होऊ द्या.

संभाषण आधी कागदावर, मग पडद्याआडून

आता यंत्राशिवाय रोबोट चालवून बघा. टेबलावर एक स्पीकर आणि माइक ठेवा. शेजारच्या खोलीत तुमच्यातला एकजण हेडफोन लावून बसेल, आलेला प्रश्न ऐकेल आणि आधीच ठरवलेल्या उत्तरांपैकी एकाचं बटण दाबेल. समोरच्याला यंत्राशी बोलल्याचा अनुभव येतो, तुम्हाला मात्र कोडची एक ओळही न लिहिता कळतं की उत्तरं कुठं तोकडी पडताहेत. चाचणी संपल्यावर पडद्यामागं माणूस होता हे त्या मंडळींना जरूर सांगा. संगणकाच्या क्षेत्रात ही पद्धत चार दशकांहून जुनी आहे आणि अजून तिला तोड नाही.

वाक्यं लहान ठेवा आणि उत्तर वाक्याच्या सुरुवातीला येऊ द्या. "आपण विचारलेली सोनोग्राफी सुविधा ही आपल्या इमारतीच्या..." इथपर्यंत येईस्तोवर आजोबा पुढं निघून गेलेले असतात. "सोनोग्राफी पहिल्या मजल्यावर. जिना चढलात की डाव्या हाताला." एवढं पुरे. लिफ्ट असेल तर आधी लिफ्ट सांगा, कारण विचारणाऱ्याबरोबर पेशंट असतो.

संबोधनाबद्दल माझं मत पक्कं आहे: रोबोटनं मावशी, आजी, काका म्हणू नये. काउंटरवरची ताई माणूस बघून 'मावशी' म्हणते आणि ते गोड वाटतं. कॅमेऱ्यातून वयाचा अंदाज बांधणारा प्रोग्रॅम चाळिशीतल्या बाईला आजी म्हणेल तेव्हा गोड वाटणार नाही. 'नमस्कार, या' आणि पुढं सगळं 'तुम्ही'. त्यात समोरचा बाई आहे की पुरुष हे ओळखायची गरजही उरत नाही, 'बसा', 'या', 'आलात का' सगळ्यांना चालतं. रोबोटच्या स्वतःच्या क्रियापदांचं मात्र आधीच ठरवा. आवाज बाईचा आणि वाक्य 'मी सांगतो' असं झालं की ऐकणारा अडखळतो.

उत्तरं भाषा-मॉडेलला, म्हणजे चॅटजीपीटीसारख्या प्रोग्रॅमला, मोकळेपणानं रचू देऊ नका. प्रश्नाचा अर्थ लावायला मॉडेल जरूर वापरा, पण उत्तर दवाखान्यानं मंजूर केलेल्या यादीतूनच निघालं पाहिजे. दवाखान्यात चुकीची वेळ किंवा चुकीचा मजला सांगणं म्हणजे आजारी माणसाला दोन जिने फुकट चढवणं. आणि डॉक्टर आज आलेत की नाहीत ही माहिती रोज सकाळी कोण भरणार, त्या माणसाचं नाव पहिल्या दिवशीच ठरवून घ्या. हे ठरलं नाही तर बाकीची सगळी मेहनत आठवड्याभरात वाया जाते.

कान

इथं सगळ्यात जास्त वेळ द्यावा लागेल. ओपीडीच्या हॉलमध्ये छताचे पंखे, फरशीवरून घुमणारा आवाज, रडणारं पोर, मोबाइलवर मोठ्यानं चाललेलं बोलणं, सगळं एकदम असतं. लॅबमध्ये छान चाललेलं स्पीच रेकग्निशन (बोललेले शब्द ओळखणं) इथं येऊन कोलमडतं.

मोकळ्या जागेत अंतर दुप्पट झालं की आवाज सुमारे ६ डेसिबलनं घटतो. तेव्हा माणूस ६० ते ८० सेंटिमीटरवर उभा राहील अशी जागा आखा. जमिनीवर पावलांची खूण चिकटवली तरी पुष्कळ फरक पडतो. एकाऐवजी चार माइकांची रचना घ्या. ध्वनीचा वेग सेकंदाला साधारण ३४३ मीटर. दोन माइकांत ६ सेंटिमीटर अंतर असेल तर बाजूनं आलेला आवाज एका माइकला दुसऱ्यापेक्षा जास्तीत जास्त ०.१७ मिलिसेकंद उशिरा पोचतो. १६ किलोहर्ट्झला, म्हणजे सेकंदाला आवाजाचे १६ हजार नमुने घेत असाल तर हा फरक जेमतेम तीन नमुन्यांचा, पण तेवढ्यावरून आवाजाची दिशा काढता येते आणि बाकीच्या दिशांचा गोंगाट दाबता येतो. माइक डोक्यात बसवू नका. मानेच्या सर्व्हो मोटरची (सांगितलेल्या कोनात वळून थांबणारी छोटी मोटर) घरघर त्यातच शिरते. छातीच्या उंचीवर, मोटरपासून लांब आणि रबरी वॉशरवर बसवा.

मराठी ओळखणारी मॉडेलं आता आहेत. केंद्र सरकारच्या २०२२ मध्ये सुरू झालेल्या 'भाषिणी' या भारतीय भाषांच्या ऑनलाइन सेवेवर मराठीची सोय आहे, आयआयटी मद्रासच्या 'एआयफॉरभारत' गटानं भारतीय भाषांसाठी खुली मॉडेलं दिली आहेत, आणि ओपनएआयचं २०२२ चं 'व्हिस्पर' मराठी घेतं. यातलं कुठलंही निवडा, पण चाचणी आपल्या माणसांच्या बोलण्यावर घ्या. 'आहे'च्या जागी 'हाय', 'नाही'च्या जागी 'न्हाई', 'दाखवायचंय'च्या जागी 'दावायचंय'. कॉलेजातल्या मित्रांचे आवाज घेऊन केलेली चाचणी तुमचीच फसवणूक करते. मिरज तालुक्यातल्या, आटपाडीच्या, जतच्या वयस्क माणसांकडून, त्यांना कशासाठी ते सांगून आणि होकार घेऊन, वहीतलेच प्रश्न बोलून घ्या. डॉक्टरांची आडनावं, विभागांची नावं, गावांची नावं यांची यादी मॉडेलला वेगळी द्या.

टोकन नंबरचा प्रश्न स्वतंत्र सोडवा. एकोणसाठ, एकोणसत्तर, एकोणऐंशी, एकोणनव्वद हे गोंगाटात एकमेकांत मिसळतात, सहासष्ट आणि सदुसष्टचंही तेच. ऐकलेला आकडा स्क्रीनवर मोठ्या अक्षरांत दाखवा आणि विचारा, "हाच नंबर का?" हो-नाहीची दोन बटणं स्क्रीनवर असू द्या.

बटणं ठेवण्यात कमीपणा मानू नका. अमेरिकेत कार्नेगी मेलन विद्यापीठानं २००३ मध्ये 'व्हॅलेरी' नावाची रोबोट-स्वागतिका ठेवली, तिचा चेहरा स्क्रीनवर होता आणि लोक तिच्याशी कीबोर्डवर टाइप करून बोलत. त्यांनी आपल्या काळाची मर्यादा ओळखून काम चालू ठेवलं. तुम्ही चार मोठी बटणं ठेवा: केसपेपर, डॉक्टरांची वेळ, तपासणी, आणि 'माणसाशी बोलायचंय'. पाचवं कन्नडचं, त्यावर नाव कन्नड लिपीत लिहा. अथणीकडच्या पेशंटला त्या एका बटणानं किती हायसं वाटेल, याचा विचार करा.

आणखी एक गोष्ट वेळेची. माणसं एकमेकांशी बोलताना एकाचं संपल्यावर दुसरा सरासरी सेकंदाच्या पाचव्या भागात सुरू करतो. दहा भाषांवर केलेल्या २००९ च्या एका अभ्यासात हे मोजलेलं आहे. इंटरनेटवरून उत्तर आणणाऱ्या रोबोटला दीड-दोन सेकंद सहज लागतात. तेवढ्यात समोरचा प्रश्न पुन्हा विचारतो, मोठ्यानं विचारतो, आणि सगळा गोंधळ होतो. म्हणून आवाज थांबल्याबरोबर मान किंचित हलली पाहिजे आणि 'हं, बघते' एवढं स्थानिक मेमरीतून लगेच निघालं पाहिजे. ठरावीक उत्तरं तर मी रेकॉर्ड करूनच ठेवीन, काउंटरवरच्या ताईंची तयारी असेल तर त्यांच्याच आवाजात.

चेहरा

जपानी शास्त्रज्ञ मासाहिरो मोरी यांनी १९७० मध्ये मांडलं, की यंत्र माणसासारखं दिसत जाईल तसतशी आपुलकी वाढते, पण जवळजवळ माणूस वाटावा इतकं साम्य झालं की एकदम शिसारी यायला लागते. तोक्योतल्या मित्सुकोशी दुकानात २०१५ मध्ये तोशिबानं 'चिहिरा आयको' नावाची त्वचा-केस-किमोनोसकट माहिती देणारी ह्युमनॉइड बसवली होती. तसा चेहरा करायला मोठी प्रयोगशाळा लागते, आणि तरीही लहान मुलं घाबरण्याची शक्यता राहतेच. आजारी, उपाशीपोटी तपासणीला आलेल्या माणसापुढं हा प्रयोग नको.

'पेपर' हा २०१४ चा रोबोट बघा: उंची १२० सेंटिमीटर, वजन सुमारे २८ किलो, गुळगुळीत पांढरं प्लास्टिक, मोठे डोळे, हलणारं तोंड नाही, छातीवर टॅब्लेट, पायांऐवजी चाकं. तो माणूस असल्याचा आव आणत नाही, म्हणून जवळ जावंसं वाटतं. आपल्याकडं बेंगळुरूमध्ये बनलेला 'मित्रा' २०१७ मध्ये हैदराबादच्या जागतिक उद्योजकता परिषदेत व्यासपीठावर आला, तोही याच धाटणीचा.

सुरुवातीला 'इनमूव्ह'च्या फायली वापरा. गाएल लांजव्हँ या फ्रेंच शिल्पकारानं २०१२ पासून हा माणसाच्या आकाराचा रोबोट सगळ्यांसाठी खुला ठेवला आहे, आणि त्याचे भाग १२ सेंटिमीटरच्या लहान प्रिंटरवरही निघतात. आतला सांगाडा तिथून घ्या, चेहरा मात्र साधा करा. थ्रीडी प्रिंटरमध्ये नेहमी वापरलं जाणारं पीएलए प्लास्टिक साधारण ६० अंशांना मऊ पडतं. एप्रिल-मेच्या उन्हात बंद गाडीतून नेलंत तर जबडा वाकलेला मिळेल, म्हणून मोटरच्या पकडी पीईटीजी किंवा एबीएस या जास्त उष्णता सोसणाऱ्या प्लास्टिकमध्ये छापा. फायबरच्या कवचासाठी गणेशोत्सवात हलते देखावे करणाऱ्या कारागिरांना भेटा. साचा काढणं, सांधा लपवणं आणि एका मोटरवर मूर्तीची मान सावकाश वळवणं यात त्यांचा हात बसलेला असतो, आणि ती सावकाश वळणारी मान आपल्याला हवीच आहे.

मान, हात, बैठक

पाय नकोत. स्वागताला एका जागी बसायचं असतं आणि चालणाऱ्या पायांचा खर्च-धोका दोन्ही फार. वजन तळाशी ठेवा आणि रोबोट दहा अंश कलवला तरी परत सरळ होतो का ते बघा, कारण मुलं त्याला लोंबकळणारच. डोळ्यांची उंची ११५ ते १२५ सेंटिमीटर ठेवलीत तर व्हीलचेअरवरचा माणूस आणि उभा माणूस, दोघांकडंही मान थोडी हलवून बघता येतं.

मानेला दोन सर्व्हो पुरतात, एक डावीकडं-उजवीकडं, एक वर-खाली. हात एकच करा, दिशा दाखवायला. आता हिशेब बघा. खांद्यापासूनचा हात ९०० ग्रॅमचा आणि त्याचा गुरुत्वमध्य २२ सेंटिमीटरवर असेल, तर तो आडवा धरायला ०.९ × २२ म्हणजे जवळजवळ २० किलो-सेंटिमीटर टॉर्क (फिरवण्याचा जोर) लागतो. घर्षण आणि हालचाल धरून दुप्पट, म्हणजे ४०. बाजारात सर्रास मिळणारा एमजी ९९६ आर हा सर्व्हो व्होल्टेजप्रमाणे ९ ते ११ देतो. तो जळणार. त्याऐवजी दंड अंगालगत पक्का ठेवा आणि फक्त कोपरापुढचा हात उचला. ३५० ग्रॅम, १२ सेंटिमीटर, म्हणजे ४.२. दुप्पट धरून ८.४. तोच सर्व्हो आता काम करील, आणि अंगालगत ठेवलेला हात कुणाच्या तोंडावरही लागणार नाही.

सर्व्होंना वीज संगणकाच्या बोर्डावरून देऊ नका. वेगळा ५ ते ६ व्होल्टचा पुरवठा द्या, ग्राउंड (ऋण बाजूची तार) मात्र दोघांचा एकच ठेवा. पीसीए ९६८५ हा १६ वाटांचा ड्रायव्हर बोर्ड यासाठी पुरतो. हात झटक्यानं जाऊ नये, सावकाश निघून सावकाश थांबावा. आणि 'डाव्या हाताला' हा शब्द येण्याच्या किंचित आधी हात उठला पाहिजे, माणसं असंच करतात. हात जोडून नमस्कार करणारा रोबोट करायचा मोह सगळ्यांना होतो. दोन पंजे जवळ येतात तिथं लहान मुलाचं बोट सापडू शकतं. मान लववून नमस्कार करा, पुरेसा होतो. मोठं लाल बटण दिसेल असं बसवा, ते दाबलं की फक्त मोटरची वीज तुटावी, आवाज आणि स्क्रीन चालू राहावी.

वीज, धूळ, पाणी

वीज गेली की इन्व्हर्टर लागेपर्यंतच्या क्षणभरात संगणक बंद पडून पुन्हा सुरू होतो. म्हणून आत १२.८ व्होल्टची लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरी ठेवा. संगणक, स्क्रीन, मोटर मिळून सरासरी ४० वॅट धरले, तर २० अँपिअर-तासांची बॅटरी पाचेक तास ओढते. पंख्याला फिल्टर लावा. हाच रोबोट सांगलीच्या मार्केट यार्डातल्या हळदीच्या पेढीत ठेवणार असाल तर फिल्टर दर दोन-तीन दिवसांनी झटका. तळमजल्यावर ठेवणार असाल तर कृष्णेचा पूरही ध्यानात घ्या. २००५, २०१९ आणि २०२१ ज्यांनी पाहिलं त्यांना जास्त सांगायला नको. धड बैठकीपासून चार बोल्टांत सुटेल आणि दोन माणसांना वर नेता येईल असं करा.

पेशंटची गोष्ट पेशंटपाशी

रोबोटनं "काय होतंय तुम्हाला?" असं हॉलमध्ये मोठ्यानं कधीही विचारू नये. कुठल्या डॉक्टरांना भेटायचंय एवढंच विचारावं. स्त्रीरोग, क्षयरोग, मनोविकार असल्या विभागांचा रस्ता विचारला तर विभागाचं नाव पुन्हा न उच्चारता थेट मजला आणि खोली क्रमांक सांगावा. समोर कुणी आलंय एवढं कळण्यापुरता कॅमेरा पुरे. चेहरा ओळखणं आणि साठवणं टाळा. २०२३ चा डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा संमतीवर भर देतो, आणि आवाज साठवायचा असेल तर मराठीत आणि कन्नडमध्ये स्पष्ट पाटी लावून, विचारूनच.

काउंटरवर पहिले दिवस

पहिल्यांदा दुपारच्या निवांत वेळी लावा, सोमवारी सकाळी नाही. काउंटरवरच्या ताईंना आधीपासून कामात घ्या. त्यांना आपली नोकरी जाईल अशी भीती वाटत असेल तर ती उडवून लावू नका. दवाखान्याच्या व्यवस्थापनाकडून त्यांच्यासमोर स्पष्ट बोलून घ्या, की रोबोटनं रस्ता आणि वेळ सांगायची आणि केसपेपर, पैसे, रडवेला नातेवाईक हे त्यांच्याकडंच राहायचं. दोनदा ऐकूनही कळलं नाही तर रोबोटनं तिसऱ्यांदा विचारू नये, "ताईंना बोलावते" म्हणावं आणि त्यांच्या स्क्रीनवर आतापर्यंतचं बोलणं दिसावं, म्हणजे पेशंटला सगळं पहिल्यापासून सांगावं लागत नाही.

यश मोजताना किती लोक रोबोटशी बोलले हा आकडा धरू नका, नवलाईनं सगळेच बोलतात. रोबोटशी बोलून झाल्यावर तोच प्रश्न घेऊन किती जण पुन्हा काउंटरवर गेले, ते मोजा. स्टूल टाकून पुन्हा तिथंच बसा, वहीत दोन रकाने पाडा, 'सुटला' आणि 'परत विचारला'. दुसऱ्या रकान्यातले प्रश्न दर शनिवारी ताईंबरोबर बसून वाचा आणि सोमवारच्या आत उत्तरं बदला.